छोट्या क्लबाच्या पाठीशी कोण उभं असतं? कोल्हापूरच्या तालमी आणि स्कॉटलंडची दोन गावं

कोल्हापूर म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला अंबाबाई आठवते, गूळ आठवतो, तांबडा-पांढरा रस्सा आठवतो, आणि कुस्ती तर आठवतेच. फुटबॉल सहसा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. पण दिवाळी उलटली की त्या शहराच्या जुन्या पेठांमध्ये संध्याकाळी दुसरं बोलणंच नसतं. पाटाकडीलचा सामना कुणाशी, खंडोबाचा गोलरक्षक या वर्षी कोण, प्रॅक्टिसनं कुणाला घेतलं, हीच चर्चा. राजर्षी शाहू स्टेडियमवर दोन गल्ल्यांचे संघ समोरासमोर आले की हजारोंनी माणसं जमतात. खेळणारी मुलं बहुतेक दोन-चार चौकांपलीकडची. बघणाऱ्याला त्यांची घरं माहीत, वडील माहीत, टोपणनावंही माहीत. कोल्हापुरी भाषेत सांगायचं तर 'नाद खुळा'.

बालाघाटच्या इतिहासमंडळानं कोल्हापूरचा विषय का घ्यावा, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर लेखाच्या शेवटी येईलच, पण थोडं आधी सांगून ठेवतो. गावागावांतले छोटे क्लब, आखाडे, क्रीडामंडळं यांचा इतिहास कुणी लिहीत नाही. राजांचा लिहितात, किल्ल्यांचा लिहितात, मोठ्या कंपन्यांचा लिहितात. छोटा क्लब मात्र कधी निघाला, कुणाच्या जोरावर चालला आणि कशानं बंद पडला, हे एका पिढीनंतर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून या लेखात एकच प्रश्न धरला आहे : छोट्या क्लबाच्या पाठीशी नेमकं कोण उभं असतं? त्यासाठी कोल्हापूरच्या पेठा पाहू. आणि फुटबॉल जिथे आजच्या रूपात वाढला त्या स्कॉटलंडमधली दोन गावंही पाहू. त्यांतल्या एका गावाचा संबंध आपल्या बाजारपेठेशी होता, तर दुसरं गाव आपल्या भरवेली-उकव्यासारखंच खाणीचं होतं.

नावातच पत्ता

कोल्हापुरातल्या संघांची नावं नुसती वाचली तरी निम्मी गोष्ट कळते. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम मंडळ, वेताळमाळ तालीम मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ. इंग्रजी नावाचा ठळक अपवाद म्हणजे प्रॅक्टिस क्लब.

मुंबई-कोलकात्याच्या जुन्या क्लबांची नावं आठवून पाहा. तिथे 'स्पोर्टिंग', 'युनियन', 'युनायटेड', 'जिमखाना' असे शब्द येतात. कोल्हापुरात मात्र पाणी नेणारा पाट आहे, गल्लीतलं देऊळ आहे, वेताळ आहे, वाघ आहे. 'प्रासादिक' हा शब्द तर आपल्याला भजनी मंडळांच्या नावातून ओळखीचा. म्हणजे फुटबॉल यायच्या आधीच ही मंडळं होती, त्यांना नाव होतं, जागा होती आणि माणसं होती. फुटबॉल नंतर आला आणि तिथे मुक्कामाला राहिला.

ही बाब साधी वाटते, पण पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. इंग्रजी अमदानीत आपल्याकडे फुटबॉल आला तो छावणीतून, रेल्वेतून आणि कॉलेजांतून. १८८८ साली सिमल्याला ड्युरँड चषक सुरू झाला तेव्हा अंतिम सामना खेळणाऱ्या दोन्ही पलटणी स्कॉटिश होत्या. रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सनी हायलँड लाइट इन्फंट्रीला हरवलं. १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला, त्याचे पहिले विजेतेही गोऱ्या पलटणीचेच. तो चषक बिगरलष्करी संघानं जिंकायला १९३७ साल उजाडलं, आणि तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स. छावणीचा खेळ छावणी असेपर्यंत टिकतो. पलटण हलली की मैदान ओस पडतं. कॉलेजातला खेळ मुलगा पास होऊन नोकरीला लागला की संपतो. खेळ गल्लीत उतरायचा असेल तर गल्लीत त्याला धरून ठेवणारं कुणीतरी हवं.

आखाड्यातून मैदानात

कोल्हापुरात ते धरून ठेवणारं घर आधीच बांधलेलं होतं, ते म्हणजे तालीम.

शाहू महाराजांची कारकीर्द १८९४ ते १९२२. त्यांचं कुस्तीचं वेड सर्वांना ठाऊक आहे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या निमित्तानं ते विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमचा प्राचीन गोल आखाडा त्यांनी पाहिला आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं. १९१२ साली ते खुलं झालं. मधे खोलगट आखाडा आणि सभोवती चढत जाणारा उतार. लांब बसलेल्यालाही मल्लाचा डाव दिसावा अशी रचना. या मोठ्या मैदानाचं कौतुक होतंच, पण त्याच्याइतक्याच महत्त्वाच्या होत्या पेठापेठांतल्या लहान तालमी. महाराजांच्या आश्रयानं त्या भरभराटीला आल्या.

तालीम म्हणजे केवळ तांबड्या मातीचा हौदा नव्हे. तिथे वस्ताद असतो आणि त्याचा शब्द पोरं मोडत नाहीत. मारुती असतो. पहाटे उठायची सवय असते. खुराक असतो. गल्लीतून वर्गणी निघते. सणावाराला, मिरवणुकीला, कुणाच्या घरी अडचण आली तर तालमीची पोरं पुढे होतात. दोन गल्ल्यांत भांडण झालं तर मिटवायला दोन तालमींची वडीलधारी माणसं बसतात. क्लब चालवायला जे लागतं ते सगळं इथे तयार होतं : जागा, पैसा, शिस्त, निष्ठा आणि पोरांची न संपणारी रांग. चेंडू तेवढा नवा.

शरीर कमवलेल्या पोरांना हा खेळ आवडला यात नवल नाही. कुस्तीत एका वेळी एकच जण गल्लीचं नाव लावून उतरतो. फुटबॉलमध्ये अकरा जण उतरतात. म्हणजे अकरा घरं मैदानात. जो फार मोठा मल्ल होऊ शकणार नाही त्यालाही तालमीचं नाव छातीवर लावायला मिळतं. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ ही ईर्ष्या या खेळाला फार मानवली. पाटाकडील, बालगोपाल, प्रॅक्टिस मंगळवार पेठेचे. खंडोबा आणि शिवाजी तरुण मंडळ शिवाजी पेठेचे. सामना सुटला की त्याचा निकाल रात्री उशिरापर्यंत कट्ट्यावर पुन्हा पुन्हा खेळला जातो.

हंगामाचंही कोल्हापूरचं गणित वेगळं. कोलकात्यात फुटबॉल म्हटलं की पाऊस आणि चिखल. कोल्हापुरात पावसाळा असा कोसळतो की मैदानच सापडत नाही. त्यामुळे दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालणारा हा कोरड्या दिवसांचा खेळ झाला. जमीन टणक, चेंडू उसळता, आणि पडलं की गुडघा फुटायचाच.

संस्थान गेलं, साखळी राहिली

शाहू महाराजांनंतर राजाराम महाराज गादीवर आले. त्यांच्या काळात, १९४० साली, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. शहर तिला 'केएसए' म्हणून ओळखतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजाराम महाराजांचं निधन झालं. पुढे नऊ वर्षांतच, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं.

इथे जरा थांबून विचार करू. राजाश्रयावर चाललेल्या कितीतरी गोष्टी विलीनीकरणानंतर कोमेजल्या. गवई दुसरीकडे गेले, शिकारखाने बंद झाले, हत्तीखाने रिकामे झाले. फुटबॉलचंही तेच व्हायला हवं होतं, पण झालं नाही. राजघराण्याचा आश्रय होता हे खरं, आणि संघटनेशी त्या घराण्याचा संबंध आजही आहे. शाहू छत्रपती तिचे मुख्य आश्रयदाते आणि मालोजीराजे छत्रपती अध्यक्ष. मालोजीराजे २०२२ साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवरही निवडून गेले. परंतु संघ चालवायचा खर्च दरबारातून येत नव्हता. तो गल्लीतून येत होता. म्हणून दरबार मिटला तरी संघ मिटले नाहीत.

केएसएनं दिली ती शिस्त : वेळापत्रक, पंच, खेळाडूंची दरवर्षीची नोंदणी, वरचे-खालचे गट. आज वरिष्ठ गटाच्या साखळीत १६ संघ खेळतात. तळाला राहिलेल्यांना खाली उतरावं लागतं आणि खालचे वर चढतात. साखळी संपली की बाद पद्धतीच्या चषक स्पर्धांची रांग लागते. एखाद्या तालमीचं वर्ष वाईट गेलं की पेठेत सुतक असल्यासारखं वातावरण असतं, आणि पुढच्या वर्षी वर चढले की गुलाल.

या मातीतून खेळाडूही वर गेले. अनिकेत जाधव हे अलीकडचं ठळक नाव. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला हा कोल्हापूरचा मुलगा २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. भारताचा संघ फिफाच्या विश्वचषकात उतरण्याची ती पहिलीच वेळ. निखिल कदम, सुखदेव पाटील हेही कोल्हापूरचेच, देशातल्या व्यावसायिक क्लबांपर्यंत पोचलेले.

तरी हेही खरं की कोल्हापुरात जेवढा फुटबॉल खेळला जातो आणि बघितला जातो, त्या मानानं वर पोचलेल्यांची संख्या थोडी आहे. जाणकार तिथे ही खंत बोलून दाखवतात. पेठेचा सामना जिंकणं हेच इतकं मोठं वाटतं की त्यापलीकडचं जग दिसेनासं होतं. छोट्या क्लबाची ताकद आणि त्याची मर्यादा एकाच ठिकाणी असते.

रेंटन : रंगाऱ्यांचं गाव

आता कोल्हापूर जरा बाजूला ठेवून स्कॉटलंडला जाऊ. कारण तालमीसारखा आधार नसला किंवा तो सुटला तर काय होतं, हे तिथल्या दोन गावांत स्वच्छ दिसतं.

ग्लासगोच्या वायव्येला लोमंड नावाचं मोठं सरोवर आहे. त्यातून निघणारी लेव्हन नदी काही मैल वाहून क्लाइडला मिळते. तिच्या काठी रेंटन हे अगदी छोटं गाव आहे. लेव्हनचं पाणी नितळ, म्हणून या खोऱ्यात कापड रंगवण्याचे कारखाने निघाले. त्यांचा गडद, न विटणारा लाल रंग 'टर्की रेड' म्हणून जगभर प्रसिद्ध होता, आणि त्या लाल कापडाचं मोठं गिऱ्हाईक होता हिंदुस्थान. मोर, वेलबुट्ट्या असे आपल्याकडच्या पसंतीचे नमुने तिथे छापले जात. गठ्ठ्यांवर चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्यांवर आपल्या देवदेवतांची चित्रं असत. त्या नमुन्यांच्या जाडजूड वह्या आज एडिनबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. रेंटनमधले डालक्वर्न आणि कॉर्डेल हे कारखाने याच धंद्यातले. आपल्या पणज्या जे तांबडं कापड बाजारातून आणत, त्यातलं काही या खोऱ्यातलं असणार.

या खोऱ्यात फुटबॉलच्या आधी शिंटी खेळत. हॉकीच्या जातीचा, वाकड्या काठीचा तो जुना रांगडा खेळ. १८७२ च्या सुमारास ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबनं तिकडे येऊन फुटबॉलचे नियम दाखवले. १८६७ साली, म्हणजे ज्या वर्षी आपला बालाघाट जिल्हा झाला त्याच वर्षी, निघालेला हा स्कॉटलंडचा सर्वांत जुना क्लब. शिंटी खेळणारी काटक पोरं फुटबॉलकडे वळली. आखाड्यातून मैदानात येण्याचीच ही गोष्ट, फक्त मुलूख निराळा.

शेजारच्या अलेक्झांड्रिया गावच्या व्हेल ऑफ लेव्हन संघानं १८७७, १८७८ आणि १८७९ असा सलग तीन वर्षं स्कॉटिश चषक जिंकला. रेंटननं तो १८८५ साली जिंकला, आणि १८८८ साली अंतिम सामन्यात केंबसलँगला ६-१ असं धुऊन पुन्हा जिंकला. त्याच मे महिन्यात इंग्लंडचा चषकविजेता वेस्ट ब्रॉमविच अल्बियन ग्लासगोला आला. वादळी पावसात सामना झाला आणि रेंटननं तो ४-१ असा जिंकला. मग काय, गावानं आपल्या मैदानावरच्या खोलीवर पाटीच लावली : जगज्जेते. काही हजार वस्तीच्या रंगाऱ्यांच्या गावाची ही पाटी. रेंटनच्या खेळाडूंना कच्चं अंडं पोर्ट वाइनमध्ये फेटून द्यायचे आणि त्याचं गुपित ठेवायचे, असंही तिथे सांगतात. तालमीतल्या खुराकाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

पुढची गोष्ट मात्र वाईट आहे. इंग्लंडनं १८८५ सालीच खेळाडूंना पैसे देणं कायदेशीर केलं होतं, पण स्कॉटलंडनं ते १८९३ पर्यंत केलं नाही. त्यामुळे मधल्या वर्षांत चोरून पैसे चालत. १८८८ सालीच ग्लासगोत सेल्टिक हा नवा क्लब मैदानात उतरला आणि रेंटनचा मधल्या फळीचा कणा जेम्स केली तिकडे गेला. नील मॅकॅलमही गेला, आणि सेल्टिकच्या इतिहासातला पहिला गोल त्याच्याच नावावर आहे. १८९० साली स्कॉटिश लीग सुरू झाली तेव्हा ११ संस्थापक संघांत रेंटन होतं. पण पाचच सामन्यांनंतर त्यांना बाहेर काढलं. व्यावसायिकतेच्या आरोपावरून बंदी असलेल्या एका संघाशी, त्यानं नाव बदललेलं असताना, ते खेळले होते. रेंटन कोर्टात गेलं आणि पुढच्या वर्षी परत आलं. १८९५ साली चषकाच्या अंतिम फेरीतही पोचलं. पण शहरातल्या क्लबांकडे हजारोंची गर्दी आणि तिकिटांचा पैसा. गावाकडे काय? १८९७ मध्ये रेंटननं लीग सोडली, आणि १९२२ मध्ये क्लब कायमचा बंद झाला.

रेंटनच्या पोरांत खेळ कमी नव्हता. खेळाडूला किंमत आली आणि ती गावाला परवडेना, म्हणून गाव हरलं.

ग्लेनबक : खाण गेली, गाव गेलं

दुसरं गाव ग्लेनबक. एअरशरमधलं, मुरकर्कजवळचं, कोळशाच्या खाणीवर जगणारं. वस्ती दोन हजारांच्याही आत. इथल्या क्लबाचं नाव ग्लेनबक चेरीपिकर्स. या एवढ्याशा क्लबानं सुमारे ५० व्यावसायिक खेळाडू दिले. १९०१ साली टॉटनहॅमनं इंग्लंडचा चषक जिंकला, त्या संघात सँडी टेट आणि सँडी ब्राउन हे दोघे ग्लेनबकचे होते. लिव्हरपूलला मोठं करणारा व्यवस्थापक बिल शँकली १९१३ साली याच गावी जन्मला. पाच भाऊ, पाचही व्यावसायिक खेळाडू. बिल स्वतः पोरवयात खाणीत राबला. तो पुरता हाताशी येईपर्यंत मात्र क्लबच उरला नव्हता.

कारण साधं होतं. खाणी बंद पडत गेल्या, माणसं कामाच्या शोधात गाव सोडून गेली आणि १९३१ साली क्लब मिटला. पुढे त्या परिसरात खुल्या खाणीचं काम सुरू झालं आणि गावाच्या बहुतेक खुणाही पुसल्या गेल्या. खुली खाण जमिनीचं काय करते, हे मलाजखंड पाहिलेल्या आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. आज तिथे शँकलीच्या नावाचा स्मृतिस्तंभ आहे, आणि लांबून येऊन लोक त्याच्यापाशी लाल मफलर ठेवून जातात.

ग्लेनबकच्या पाठीशी खाण होती. ती उभी होती तोवर क्लबही उभा राहिला.

पेठेत पैसा आला तेव्हा

आता पुन्हा कोल्हापूरला येऊ, कारण रेंटनची गोष्ट तिथे जुनी झालेली नाही.

गेल्या दीड-दोन दशकांत कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पैसा आला. राजकीय पुढाऱ्यांच्या नावानं चषक सुरू झाले आणि बक्षिसाच्या रकमा लाखांत गेल्या. तालमींनी बाहेरचे, आफ्रिकेतून आलेले खेळाडूही मैदानात उतरवले. किती परदेशी खेळवायचे यावर नियम करावे लागले. एका तालमीचा मुलगा पैशासाठी समोरच्या तालमीकडून खेळू लागला. एके काळी ही गोष्ट घरात सांगायचीही चोरी होती. गर्दी वाढली तशी हुल्लडबाजीही वाढली. सामने थांबवावे लागले आणि पोलिसांचा बंदोबस्त नेहमीचा झाला.

याकडे दोन बाजूंनी पाहता येतं. मुलगा गरीब घरचा असतो, गुडघा आज आहे उद्या नाही, त्याला चार पैसे मिळाले तर वाईट काय? जेम्स केलीनं रेंटन सोडलं म्हणून त्याला दोष देता येत नाही. रंगाच्या हौदात हात लाल करून घेण्यापेक्षा त्याला बरं आयुष्य मिळालं, आणि पुढे तो सेल्टिकचा अध्यक्षही झाला. बाहेरचा तगडा खेळाडू आला की स्थानिक पोरांचाही खेळ सुधारतो. दुसरी बाजू अशी की संघातली निम्मी जागा विकत घेतलेल्यांची झाली तर गल्लीतल्या पोरानं पहाटे उठून मैदानावर का जावं? आणि गल्लीनं वर्गणी का द्यावी? पेठ बघायला येते ती आपलं पोर खेळतं म्हणून. ते पोर कडेला बसलं की हळूहळू पेठही उठून जाते.

तरीही कोल्हापूरला रेंटनपेक्षा एक गोष्ट जास्त लाभली आहे. रेंटन हा फक्त फुटबॉलचा क्लब होता. फुटबॉल हरला तसा तो संपला. तालीम मात्र फुटबॉलवर जगत नाही. तिचा गणपती आहे, शिवजयंती आहे, मारुती आहे, पूर आला की मदतीला धावणं आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पेठांतल्या मंडळांची पोरं पाण्यात उतरली, ती काही फुटबॉलचे खेळाडू म्हणून नव्हे. एखादं वर्ष संघ खाली गेला तरी तालमीचं दार उघडंच असतं, आणि दार उघडं असलं की पुढच्या वर्षी पुन्हा पोरं येतात.

म्हणून मला वाटतं, कोल्हापूरचा फुटबॉल वाचवायचा असेल तर मोठ्या बक्षिसांपेक्षा तालमीच्या लहान पोरांकडे आधी पाहावं लागेल. दहा-बारा वर्षांच्या मुलांचे संघ, त्यांना बूट, त्यांना पंच. गल्लीतली रांग चालू राहिली तर बाकीचं येत-जात राहील.

आपल्या जिल्ह्यासाठी

आता सुरुवातीचा प्रश्न. बालाघाटला याचं काय?

आपला जिल्हा मॅंगनीजचा. १८९६ साली नागपुरात निघालेल्या सिंडिकेटपासून १९६२ ची मॅंगनीज ओर कंपनी आणि आजची मॉयल इथपर्यंत कंपन्यांचा इतिहास छापील कागदांत मिळतो. किती टन निघालं आणि कुठल्या बंदरातून गेलं, तेही मिळतं. १९०३ ते १९०५ च्या काळात गोंदियाहून बालाघाट-नैनपूरवरून जबलपूरला गेलेल्या छोट्या रेल्वेचाही इतिहास मिळतो. १९५६ च्या प्रांतरचनेत शेजारचे मराठी जिल्हे तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो, त्याचीही कागदपत्रं आहेत. पण भरवेली, उकवा, तिरोडीच्या वसाहतींत संध्याकाळची पाळी सुटल्यावर पोरं काय खेळायची, कुठल्या मैदानावर, संघाचं नाव काय, कपडे कोण द्यायचं, बक्षिसाची ढाल कुणाच्या घरी आहे, हा इतिहास फक्त माणसांपाशी असतो. आणि माणसं थांबत नाहीत.

ज्यांच्याकडे जायला हवं ती माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. काम अवघड नाही. चार गोष्टी विचारायच्या. पहिली, संघाचं नाव आणि ते कशावरून पडलं, कारण पत्ता बहुतेक वेळा नावातच असतो. दुसरी, मैदान कुणाचं होतं आणि आज तिथे काय आहे. तिसरी, पैसा कुठून यायचा : कंपनीकडून, रेल्वेकडून, दुकानदारांकडून की घरोघरच्या वर्गणीतून. चौथी, संघ बंद झाला असेल तर त्या वर्षी गावात आणखी काय बंद झालं. या चौथ्या प्रश्नाला मिळणारं उत्तर फुटबॉलपुरतं, हॉकीपुरतं किंवा कबड्डीपुरतं राहणार नाही. त्यातून गावाचाच इतिहास निघेल.

जुने फोटो मिळाले तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं नावं लिहून ठेवावीत, डावीकडून उजवीकडे. संघाचा फोटो असतो, नावं नसतात, आणि मग तो फोटो मुका होतो. हिशेबाची वही मिळाली तर तिच्याकडे आधी पाहावं. कुणी आठ आणे दिले, कुणी बैलगाडी दिली, कुणी सामन्याच्या दिवशी लिंबू-साखर दिलं, यातून क्लबाच्या पाठीशी कोण उभं होतं ते नावानिशी कळतं.

रेंटनच्या मैदानावरची ती पाटी आज नाही, पण ती होती हे आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी लिहून ठेवलं. ग्लेनबक आज गाव म्हणून उरलं नाही, पण तिथल्या खेळाडूंची नावं उरली, तीही याच कारणानं. कोल्हापूरच्या तालमी तर अजून जित्याजागत्या आहेत, आणि त्यांच्याही जुन्या वह्या वेळेत बघायला हव्यात. आपल्या जिल्ह्यातली मैदानं अजून पुरती बुजलेली नाहीत. ज्यांच्या घरी एखादी ढाल, एखादा फोटो किंवा एखादा म्हातारा खेळाडू असेल, त्यांनी या पावसाळ्यापूर्वी एक संध्याकाळ त्यासाठी काढावी.